डोंगराआधीची टेकडी

तिला सगळे डोंगरताई म्हणत. तिला चांगलं नाव होतं, आडनावही होतं, हजेरीपटावर दोन्ही रोज छापून येत. पण प्रयोगशाळेत ते कुणी वापरल्याचं कुणाला आठवत नाही. हे नाव पडलं तिच्या बोलण्यावरून. पडद्यावर एक रेषा आडवी सरकत असते, मध्येच चढायला लागते, टोक गाठते आणि उतरून पुन्हा आडवी होते. त्या चढउताराला बाकीचे 'पीक' म्हणत आणि ताई 'डोंगर' म्हणे. "आजचा डोंगर जरा उजवीकडे कललाय," असं ती सकाळी सकाळी बोलली की नवीन आलेली मुलं खिडकीबाहेर बघायची. खिडकीबाहेर एक भिंत होती आणि तिच्यावर पाण्याची टाकी. बाकी काही नाही.

ताई यावर हसायचीही नाही. ती पुन्हा पडद्याकडे बघत बसायची, हनुवटीखाली हात, डोळे अर्धे मिटलेले. कुणी म्हणे ती झोपते, कुणी म्हणे ती इथे असतेच कुठे. पण एखाद्या रेषेत केसाएवढी खोट आली की ते अर्धे मिटलेले डोळे टक्क उघडत, आणि त्या दिवशी अख्ख्या मजल्याला जेवायला उशीर होई.

तिचं काम औषध तपासण्याचं. औषध साधंसुधं नव्हे, प्रथिनाचं. डोकेदुखीच्या गोळीतला रेणू एवढासा, सुटसुटीत; गोळी पाडा, आपटा, तो सहसा तक्रार करत नाही. प्रथिनाचा रेणू म्हणजे हजारावर मण्यांची माळ, आणि ती माळ एका ठरावीक तऱ्हेने घडी घालून ठेवलेली. घडी नीट असेल तोवर ते औषध. घडी विस्कटली की मणी तेच, माळ तीच, पण उपयोग शून्य. शिवाय नखरे भारी. उकडलं की रुसतं, गोठलं की रुसतं, बाटली जोरात हलवली तरी रुसतं. आणि रुसलेलं प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, बाटलीत आपलं पाणीच पाणी. म्हणून त्याची परीक्षा घ्यायला एक पूर्ण मजला लागे.

त्या मजल्यावर एक यंत्र रेणूचं वजन करी, इतक्या बारकाईने की माळेतला एक मणी बदलला तरी चुगली करी. दुसरं यंत्र अंगावरच्या विजेच्या भारावरून रेणूंची रांग लावी. तिसऱ्या टेबलावर रेणूला चिकटलेल्या साखरेच्या शेपट्या सोडवून मोजत. चौथं यंत्र त्याला हळूहळू तापवत नेई आणि कितव्या अंशाला घडी सुटली ते सांगे. या चौथ्या यंत्राजवळून जाताना ताई नेहमी भरभर जायची. तिला त्या रेणूंची दया येई. हे तिने एकदा बोलून दाखवलं आणि पुढे वर्षभर सगळ्यांनी तिला त्यावरून पिडलं.

तिचं स्वतःचं यंत्र कोपऱ्यात होतं. त्यात हातभराहून लहान एक पोलादी नळी, कॉलम म्हणतात तिला, बारीक दाण्यांनी ठासून भरलेली. प्रत्येक दाण्याला असंख्य बिळं. औषधाचा थेंब एका टोकाने आत सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला वाट बघायची. लहान रेणू सापडेल त्या बिळात डोकावतात, आत जातात, बाहेर येतात, पुढच्या बिळात शिरतात, म्हणून त्यांना उशीर होतो. मोठे रेणू कुठेच मावत नाहीत, ते सरळ वाटेने आधी बाहेर पडतात. चांगल्या औषधाचे रेणू सगळे एका मापाचे, ते एकत्र येतात, त्यांचा एकच देखणा डोंगर उभा राहतो. पण घडी विस्कटून चारदोन रेणू एकमेकांना चिकटले असतील तर तो गठ्ठा आधी पोचतो. मग डोंगराच्या डाव्या हाताला, डोंगराआधी, एक टेकडी दिसते. ताईचा सगळा जन्म या टेकडीची वाट बघण्यात गेला, आणि ती येऊ नये असं म्हणण्यात.

टेकडी किती मोठी हे मोजायचं तर तिच्या पायथ्याशी एक सरळ रेषा धरावी लागते. रेषेच्या वर जेवढं उरेल तेवढी टेकडी. एरवी यंत्र ती रेषा आपणच ओढतं. टेकडी अगदी बुटकी असली की मात्र ते गोंधळतं आणि माणसाला हाताने रेषा ठेवावी लागते. रेषा किंचित वर धरली की टेकडी लहान, किंचित खाली धरली की मोठी. कारण लिहायचं, सही करायची, झालं. ताई नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची, "रेषा आपण ओढत नाही बाळांनो. ती असतेच. ती कुठे आहे ते शोधायचं." मुलं मान डोलवायची आणि मग जेवणाच्या सुट्टीत तिची नक्कल करायची. सगळ्यांत छान नक्कल करायची ती चिमणी. बोलणं भरभर, खाणं दोन घास, म्हणून चिमणी. ताईच्या हाताखाली तिला चार वर्षं झाली होती आणि ताईचा तिच्यावर जीव होता.

काम संपलं की ताई चालत घरी जायची. रस्ता पंधरा मिनिटांचा, तिला पाऊण तास लागे. ती प्रत्येक दुकानात डोकवायची, प्रत्येक कुंपणापाशी थांबायची, कुणाचं मांजर भिंतीवर बसलं असेल तर त्याची चौकशी करायची. घरात शिरली की आतून आवाज येई, "आलीस का सगळी बिळं बघून?"

हा आवाज नवऱ्याचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि गल्ली त्यांना घड्याळजी म्हणे. त्या खोलीत तीस-चाळीस घड्याळं एकाच वेळी चालत, प्रत्येकाचा ठेका वेगळा. नवख्या माणसाचं डोकं उठेल, पण ताई दिवसभराची यंत्रांची घरघर ऐकून आली की दारातच पाच मिनिटं उभी राहायची. तिला वाटे आपण एखाद्या उथळ ओढ्यात पाय सोडून बसलोय. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकलेले असत, चिमट्यात नखाच्या शतांशाएवढा स्क्रू. वर न बघता ते म्हणत, "उभी राहा, पण पदर सांभाळ. मागच्या वेळी एक काटा तुझ्याबरोबर स्वयंपाकघरात गेला होता."

त्यांची एक रीत होती. घड्याळ दुरुस्त झालं की मागचं झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला सुईने त्या दिवसाची तारीख कोरायची. अक्षर इतकं बारीक की भिंगाशिवाय दिसू नये. गिऱ्हाइकाला पत्ताही नसे. ताईच्या मनगटावरच्या घड्याळाच्या पोटात अशा अकरा तारखा होत्या, पहिली लग्नाआधीची.

सहा वर्षांपूर्वी घड्याळजींची बोटं सुजली. आधी सकाळी, मग दिवसभर. सांधे लाल, गरम, चिमटा धरवेना. गोळ्या झाल्या, लेप झाले. वर्षभरात हात असे झाले की शर्टाचं बटण ताई लावून देई आणि दोघंही त्या वेळी दुसरीकडे बघत. मग डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. ताईने खोकं हातात घेतलं, नाव वाचलं आणि खोकं उलटून पुन्हा वाचलं. तिच्याच मजल्यावरचं औषध. तिचेच डोंगर.

चौथ्या इंजेक्शननंतर एक दिवस दुकानात स्क्रू खाली पडला. घड्याळजी वाकले, दोन बोटांत तो उचलला आणि पुन्हा कामाला लागले. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. दारात उभ्या ताईच्या लक्षात आलं. ती आत जाऊन नळ मोठा सोडून रडली. त्यानंतर पडद्यावर डोंगर चढताना बघण्याची तिची तऱ्हाच बदलली. एरवी ती तो बघायची. आता ती त्याच्याबरोबर चढायची.

जवळपास पाच वर्षं चांगली गेली. आणि मग गेल्या चार महिन्यांत कपबशी उचलताना घड्याळजी दोन्ही हात लावायला लागले. ताईचं घड्याळ बंद पडलं. त्यांनी ते खणात ठेवलं, म्हणाले, "उद्या बघतो." तो उद्या काही उजाडेना. ताईने विचारलं नाही आणि दुसऱ्या कुणाकडे दिलंही नाही. ती रिकामं मनगट घेऊन कामाला जाऊ लागली.

डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, कागद चाळले. "असं होतं कधी कधी," ते म्हणाले. "शरीर औषधाला परकं समजून त्याच्याशी भांडायला लागतं. बहुतेक हे औषध तुमच्यापुरतं संपलं. दुसरं एक आहे, पण तुमच्या फुप्फुसांकडे बघता ते द्यायला माझं मन धजत नाही. पुढच्या महिन्यात या, ठरवू."

घराजवळ आल्यावर घड्याळजी एवढंच म्हणाले, "दुकानाची पाटी काढायला शिडी लागेल."

ताई दारातच थबकली, आणि ते पाटीमुळे नव्हतं. शरीर औषधाशी का भांडतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. पुष्कळदा कारण गठ्ठे असतात. सुटा, नीट घडीचा रेणू शरीर मुकाट आत घेतं. चिकटलेले गठ्ठे आले की ते बिचकतं, वैर धरतं. म्हणजे कुठल्या तरी लॉटमध्ये, एका वेळी बनलेल्या खेपेत, टेकडी होती. म्हणजे कुणी तरी ती सोडून दिली. आणि टेकड्या बघायचं काम कुणाचं?

दुसऱ्या दिवशी तिने खोक्यावरचा लॉट क्रमांक संगणकात घातला आणि जुनी नोंद उघडली. सही तिचीच. डोंगर एकटा उभा, डावीकडची जमीन सपाट. रेषाही यंत्राने ओढलेली, तिचा हात लागलेला नाही. कुणाचाही जीव भांड्यात पडला असता. हिचा पडला नाही. कदाचित त्या दिवशी कॉलम जुना होता, कदाचित नमुना चांगला लागला, कदाचित मी खरंच झोपले होते, असं म्हणत ती स्वतःलाच खात बसली. त्या दिवशी घरी जाताना ती एकाही दुकानात डोकावली नाही. पंधरा मिनिटांत घरी पोचली आणि घड्याळजींनी घाबरून विचारलं, "काय झालं?"

घरी फ्रिजमध्ये एक इंजेक्शन शिल्लक होतं. ते पिशवीत घालून नेऊन गुपचूप कॉलममध्ये एक थेंब सोडणं अगदी सोपं होतं. पण बाहेरचा थेंब त्या यंत्रात जाणार नाही हा नियम तिनेच भिंतीवर चिकटवला होता, तिच्याच अक्षरात. तेव्हा ती मोठ्या मॅडमकडे गेली. मोठ्या मॅडम म्हणजे विभागप्रमुख. वयाने ताईपेक्षा लहान, आणि हे त्या कधी विसरत नसत.

"मॅडम, एक तक्रार नोंदवायची आहे. रुग्णाची."

"रुग्ण कोण?"

"आमचे हे."

मॅडमनी चष्मा काढला. "ताई, मग तुम्ही या तपासणीला हात लावायचा नाही. यंत्राच्या खोलीत पायसुद्धा ठेवायचा नाही. चालेल?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले."

रीतीप्रमाणे घरचं शेवटचं इंजेक्शन थंड पेटीतून मागवलं गेलं. प्रत्येक लॉटचे काही नमुने कंपनी वर्षानुवर्षं राखून ठेवते, त्यातला त्याच लॉटचा एक बाहेर काढला. दोन्ही शेजारी शेजारी तपासायचे. काम चिमणीला दिलं.

त्या दिवशी ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. मधल्या दाराला एक चौकोनी काच. काचेतून पडदा दिसत नव्हता, चिमणीची पाठ तेवढी दिसत होती. इतक्या वर्षांत ताईने डोंगर असा बाहेर बसून कधी अनुभवला नव्हता. तिने डोळे मिटले. आतल्या पंपाचा ठोका तिला तोंडपाठ होता. आता थेंब आत गेला असेल. आता दाण्यांच्या रानात शिरला असेल. छोटे या बिळातून त्या बिळात रमतगमत चाललेत, कुणालाच घाई नाही, आत मऊ अंधार आहे आणि पाणी सावकाश पुढे ढकलतंय. तिला वाटलं आपणही त्यांच्यातच आहोत, वाटेत मांजर दिसलं तर थांबू. मग तिला कुणीतरी घाईघाईने बाजूने गेल्यासारखं वाटलं. कुठेच न डोकावता, सरळ वाटेने. तिने डोळे उघडले. काचेपलीकडे चिमणीची पाठ ताठ झाली होती.

चिमणी बाहेर आली ती चहाचे दोन पेले घेऊन. एक ताईच्या हातात दिला आणि शेजारी बसली. नेहमी दहा वाक्यं एका श्वासात बोलणारी पोर पेल्याकडे बघत राहिली.

"आपला राखलेला नमुना एकदम स्वच्छ आहे ताई," ती शेवटी म्हणाली. "एकच डोंगर. तुम्ही सोडलेला लॉट चांगलाच होता."

"आणि घरचा?"

"घरच्याला टेकडी आहे."

ताईने पेला बाकावर ठेवला. एका क्षणात तिला सगळं कळलं. लॉट चांगला, घरचा बिघडलेला. म्हणजे बिघडला तो घरात.

"किती?"

"हद्द दोन टक्क्यांची. आलेत साडेतीन. पण बुटकी आहे, यंत्राला रेषा नीट सापडत नाहीये, हाताने ठेवावी लागेल." चिमणीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, रेषा जरा वर धरली तर दोनच्या आत बसते. हद्दीत बसली की पुढे पाण्यात तरंगणारे मोठे कण मोजायची पाळीच येत नाही. 'दोष आढळला नाही' म्हणून विषय मिटेल. लॉटमध्ये खोट नाहीच आहे, मग कुणाचं काय बिघडतं? तुम्हाला उगाच जन्मभर टोचणी कशाला?"

खोटं कशाला बोला, ताईला मोह झाला. चांगला झाला. ते वाक्य तिला कागदावर दिसलंसुद्धा, दोष आढळला नाही, खाली सही. ती घरी जाईल, म्हणेल, औषध ठीक होतं हो, तुमच्या शरीरानेच दावा साधला. आणि ते पाटी काढायला शिडी आणतील. तिला डॉक्टरांचे शब्द आठवले. औषध संपलं, असं डॉक्टर म्हणाले होते, कारण त्यांना वाटत होतं की आत गेलं ते औषध होतं.

"चिमणे," ती म्हणाली, "रेषा कुठे आहे?"

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "खाली आहे ताई."

"मग तिथेच ठेव. आणि कणही मोज. मोठे गठ्ठे कॉलमपर्यंत पोचतच नाहीत, गाळणीत अडकतात. साडेतीन म्हणजे नुसता पायथा दिसतोय."

कण मोजले. ते हद्दीच्या कित्येक पट निघाले. मोठ्या मॅडमनी अहवाल वाचून आपल्या कपाटातला एक थर्मामीटर काढून ताईच्या हातात दिला आणि तिला दुपारीच घरी पाठवलं.

घरातला फ्रिज नवा होता. पाचेक महिने झाले असतील. जुन्या फ्रिजचं दार नीट लागत नसे, म्हणून ताईने इंजेक्शनची जागा ठरवली होती: खालचा कप्पा, अगदी मागे, भिंतीला टेकून, पुढे बरण्यांची रांग, म्हणजे कुणी दार उघडलं तरी उबेची झुळूक लागायला नको. नवा फ्रिज आला तेव्हा तिने तीच जागा, तीच रांग जशीच्या तशी लावली. घड्याळजी एकदा खोकं पुढे ठेवत होते तर त्यांच्यावर डाफरलीही होती. प्रयोगशाळेतल्या सात फ्रिजचं तापमान ती दिवसातून दोनदा लिहायची. घरच्या फ्रिजला थर्मामीटर कशाला, घर आहे ते, कारखाना आहे का? तिने बरण्या काढल्या आणि थर्मामीटर मागे ठेवला. तिथे भिंतीला एक जाळी होती, जुन्या फ्रिजला नव्हती ती. जाळीतून गार वारा येत होता. तासाभराने पाहिलं, तर शून्याच्या खाली तीन. म्हणजे गोठायचं, वितळायचं, पुन्हा गोठायचं, रोज. जगात कुणीही हे औषध दाराशेजारी कुठेही टाकून ठेवलं असतं तर ते वाचलं असतं. तिने ते जपलं होतं.

ती फ्रिजसमोर फरशीवरच बसली. "अहो, जरा इकडे या."

"काय, दूध नासलं?" घड्याळजी हात पुसत आले आणि तिचा चेहरा बघून थांबले.

तिने सगळं सांगितलं. लॉट, टेकडी, जाळी, उणे तीन. काहीही मऊ करून सांगितलं नाही. "माझी चूक आहे," ती म्हणाली. "तुमचं काही नाही, औषधाचं काही नाही. मी मागे ठेवलं."

त्यांनी थर्मामीटर उचलून आकडा पाहिला. "म्हणजे हे चार महिने मी टोचून काय घेत होतो?"

"थोडं औषध. थोडा गुंता."

"तुझ्यासारखीच्या घरात," ते म्हणाले, आणि वाक्य पुरं न करता दुकानात निघून गेले. कथांमध्ये इथे नवरा बायकोच्या डोक्यावरून हात फिरवतो. तसं झालं नाही. संध्याकाळपर्यंत ते बोलले नाहीत, जेवतानाही नाही, आणि ताईला ते रास्तच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती त्यांचं बटण लावत असताना, ते भिंतीकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे घड्याळं येतात ना गंजलेली, त्यातली निम्मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली असतात. पाणी लागू नये म्हणून. दमटपणा आतच कोंडतो. मी कधी कुणावर ओरडलो नाही." मग ते म्हणाले, "काल जरा ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो नाही. बटण उलटं लावतेयस."

डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. रक्त तपासलं; शरीराने वैर धरलं होतं, पण अगदी थोडं. "म्हणजे औषध हरलं नव्हतं," ते म्हणाले. "ते पोचतच नव्हतं. चांगलं औषध देऊन तीन महिने बघू. शब्द मात्र मी देत नाही."

हा कागद 'दोष आढळला नाही' असं म्हणत आला असता तर हे तीन महिने मिळाले नसते. ताईने हे चिमणीला सांगितलं तेव्हा चिमणी नेहमीसारखी दहा वाक्यं एका श्वासात बोलली आणि त्यातलं एकही धड कळलं नाही.

नवं खोकं मधल्या कप्प्यात, पुढे, उघड्यावर. शेजारी थर्मामीटर. फ्रिजच्या दाराला दोऱ्याने एक वही आणि पेन्सिल. ताई लिहायला गेली तर घड्याळजी म्हणाले, "तुझ्यावर भरवसा नाही. मी लिहिणार."

ते रोज सकाळी लिहीत. तारीख आणि तापमान. मधल्या कप्प्यात बहुतेक दिवशी चारच असे, क्वचित पाच. ताई कामाला निघताना वही बघून जाई. तापमान बघायला एक क्षण पुरे होता, पण ती बघत राहायची. आपला मराठी ४ लिहायला सोपा वाटतो. तशी त्यात गोम आहे. रेषा तिरकी खाली यावी लागते, तळाशी गोल वळावी लागते आणि परत वर जाताना तिला स्वतःलाच छेदावं लागतं. पहिल्या आठवड्यातले चार म्हणजे दोन काड्या एकमेकींवर पडलेल्या, तळाची गाठ नाहीच. पेन्सिल मुठीत धरून लिहिलेली दिसत होती, कागद एका जागी फाटलाही होता. तिसऱ्या आठवड्यात वळण सुरू होऊन अर्ध्यातच थांबलं. सहाव्या आठवड्यात पुन्हा काड्या झाल्या, चार दिवस, आणि ताईने ते चार दिवस पडद्यावरचा एकही डोंगर नीट पाहिला नाही. मग गाठ पुन्हा दिसू लागली, ढिली, पोट सुटलेली. तिला आता रेषा वाचायचीच सवय, दुसरं येतं काय? ती रोज सकाळी फ्रिजपुढे उभी राहून नवऱ्याचा हात वाचायची. त्यांनी एकदा विचारलं, "एवढं काय बघतेस? चारच आहे." ती म्हणाली, "हो, चारच आहे."

अकराव्या आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली ती नेहमीसारखी पाऊण तासाने; एका कुंपणापाशी नवं मांजर होतं. दुकानातून आवाज आला नाही. घड्याळजी भिंग लावून वाकले होते. त्यांनी वर न बघता हाताने तिला जवळ बोलावलं. समोर तिचं घड्याळ, पोट उघडं, काटा चालू. झाकण बाजूला पालथं ठेवलेलं. बोटं अजून थोडी सुजलेली होती, अंगठा पुरता वळत नव्हता, आणि कपाळावर घाम होता. इतकं छोटं काम, पण सकाळपासून लागलेलं दिसत होतं.

"तू मला इतकी वर्षं डोंगर दाखवतेस," ते म्हणाले. "आता तू बघ." आणि भिंग काढून त्यांनी तिच्या डोळ्याला लावलं.

आधी सगळं धुकं होतं. मग झाकणाची आतली बाजू वर आली, पिवळसर, ओरखड्यांची. अकरा तारखा एकाखाली एक. त्यांच्याखाली बारावी, आजची, ताज्या रेघेने चमकणारी, जरा वाकडी. आणि तारखेच्या पुढे, आधीच्या अकरांपैकी कशाच्याही पुढे नव्हता असा, एकच आकडा.

"हा कसला?" तिने विचारलं.

"आजचं तापमान," घड्याळजी म्हणाले. "नोंद ठेवलेली बरी."

ताईने भिंग घट्ट धरलं. तो चार होता. रेषा खाली आली होती, गोल वळली होती, स्वतःला छेदून वर गेली होती, आणि तळाची गाठ पूर्ण बसली होती.